राखाडी मोजा

ओतायचं काम माझ्याकडे.
बाटल्यांवर मोजे चढवलेत, लोकरी,
बेरिल ॲस्क्यूने उरलेल्या धाग्यांचे विणलेले.
कुठल्या मोज्यात कोण दडलंय
हे या हॉलमध्ये मला एकटीला ठाऊक.

ससेक्समधलं खेडं. मार्च सरत आलेला.
हीटर म्हाताऱ्यासारखा खाकरतो.
पाच परीक्षक, पाच बादल्या थुंकायला,
कागदावर चार रकाने: रंग, वास, चव, शेवट.

या वर्षी नवा आलेला तरुण पेरी विचारतो,
"ओल्या वस्तूला कोरडी का म्हणायचं?"
ऑस्विन थर्कल चष्मा पुसत म्हणतो,
"यीस्टने सगळी साखर खाऊन टाकली,
भांडं चाटूनपुसून लख्ख केलं,
की मागे जे राहतं ना, ते कोरडं."

पहिल्या तीन बाटल्यांत फारसं काही घडलं नाही.
एकीला बुचाचा कुबट वास होता.

चौथा मोजा राखाडी, टाचेला भोक.
ओतताना माझा हात हलला असेल,
कुणी पाहिलं नाही.

रंग जवळजवळ नाहीच;
खिडकीच्या उजेडाला हिरव्याचा नुसता संशय.
बेरिल पेल्यात नाक घालून डोळे मिटते.
"गूसबेरी. कच्ची, केसाळ.
कुंपणाखालची खाजोटी चुरडल्यावर येतो तो वास.
एल्डरची फुलं, पाऊस झटकलेली.
आणि तळाशी... थांबा...
ओल्या फडक्याने फळा पुसलाय कुणीतरी."
बरोबरच आहे. आमची टेकडीच खडूची.

ऑस्विन घोट घेतो, गालांत खेळवतो,
बादलीत नेमकी, सरळ धार सोडतो.
"आंबटपणा पुढे पुढे करतोय.
मधे पोकळ. शेवट उरकलेला.
याने घाई केली. अजून आठवडाभर
द्राक्षं वेलीवर ठेवायला हवी होती."
पेन्सिल टेकवून लिहितो: बारा. वीसपैकी.

मी बादलीकडे बघत राहते.
त्या वर्षी मेच्या सहा तारखेला रात्री उणे तीन.
मेणाचे आठशे डबे ओळींमधून पेटवले होते आम्ही,
तो पुढे, मी मागे, काडेपेटी दातांत धरून.
पहाटे खालच्या उताराचे कोंब
चहाच्या चोथ्यासारखे काळे.
ऑक्टोबरात रेडिओने वादळ सांगितलं,
तेव्हा कपाळावर दिवे बांधून
रात्री अकरापर्यंत तोडणी केली.
आठवडाभर थांबायचं म्हणे.
वादळ थांबलं असतं का?

बेरिल टेबलावर बोट आपटत मोजते आहे.
सात. आठ. नऊ.
हीटर मधेच गप्प होतो.
अकरा. "अजून आहे," ती म्हणते.
आणि लिहिते: साडेसतरा.
सख्ख्या भावालाही जिने कधी पंधराच्या वर दिले नाहीत.

"दयेचा रकाना नाहीये कागदावर, बेरिल.
कोण्या नवशिक्याचं कौतुक करायचं तर बाहेर कर."
"दया गोड असते, ऑस्विन.
यात गोडाचा कण दाखव मला."

मोजे उतरवायची वेळ.
राखाडी मी शेवटी ठेवला,
पण शेवटही येतोच.
तिरपं चिकटवलेलं लेबल, त्यावर ससा,
त्याच्याच मुलीने नऊ वर्षांची असताना काढलेला,
एक कान लांब.

पेरी हसायला लागला आणि थांबला.
आपला तो बाब्या, असं जग म्हणतं;
इथे बापानेच आपल्याला कार्टं ठरवलेलं.
दोन वर्षं रोज टाकीतून चाखत होता,
रोज फक्त चूक शोधत.

"बारा खोडू?" मी विचारलं.
"नाही. लिहिलं ते लिहिलं."
मग पेला माझ्यापुढे सरकवला.
या वेळी थुंकला नाही.
टेबलाखाली त्याची बोटं एकेक मिटत गेली,
एक हात, मग दुसरा,
मग बोटं संपली आणि तो तसाच बसून राहिला,
तोंड मिटून.

बादल्या मी हॉलमागे ओतून आले,
खाजोटीच्या रानावर.
दर वर्षी तिथे ती कमरेएवढी माजते.